केझियाला मेलबर्नला न्यायचं होतं

केझियाला आडवं झालं की श्वास पुरत नसे, म्हणून ती बसूनच झोपायची. तिचा बाप ओबेद तिच्या पाठीला पाठ लावून बसे आणि लेक कलली की सावरून धरे. मलाइता बेटाच्या दक्षिण टोकाला, खाडीकाठच्या त्या लहानशा हॉस्पिटलात सिस्टर नेस्टाने अशी हृदयं पुष्कळ पाहिली होती. लहानपणी घसा धरतो, ताप येतो, सांधे सुजतात. पोर उठून खेळायला लागतं आणि आतल्या आत हृदयाच्या झडपा नासत जातात. दर महिन्याचं इंजेक्शन आणि अंगातलं पाणी उतरवणाऱ्या गोळ्या, यापलीकडे नेस्टाच्या हातात काही नव्हतं. गोळ्यासुद्धा राजधानीहून, होनिआराहून, जहाज आलं तर.

टिली आली ती त्याच सुमाराला. ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगोची पोरगी. शाळा संपलेली, डॉक्टरकीला प्रवेश मिळालेला, मधलं एक वर्ष कुणाच्या तरी उपयोगी पडावं म्हणून इकडे आलेली. कामाला वाघ होती. चादरी धुवायची, जखमा पुसायची, आणि तिथली पिजिन बोली इतकी झपाट्याने शिकली की बाजारातल्या बायका तिच्या तोंडात चुना लावलेली सुपारी कोंबून म्हणायच्या, "चाव गं, दात लाल झाले की तू आमचीच!"

दुपारी काम आटपलं की ती केझियाच्या खाटेवर जाऊन बसे. अकरा वर्षांची केझिया दम लागेपर्यंत प्रश्न विचारायची आणि दम लागला की नुसतं बोटाने 'पुढे सांग' म्हणायची.

एक दिवस टिली धावतच नेस्टाकडे आली.

"सिस्टर, मेलबर्नमध्ये एक संस्था आहे. बेटांवरच्या मुलांची ऑपरेशनं करून देते. मी त्यांना लिहिलं होतं. त्यांनी केझियाच्या हृदयाची चित्रं मागवलीत!"

"चित्रं मागवलीत. हो म्हणालेले नाहीत."

"नाही म्हणायचं असतं तर मागवली कशाला असती?"

नेस्टाला असली उत्तरं माहीत होती. पण पोरीच्या चेहऱ्याकडे बघून तिलाही वाटून गेलं, कोण जाणे, या खेपेला होईलही. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी केझियाला होनिआराला नेऊन मशीनवर चित्रं काढून आणली, पाठवलीही. आणि पोरगी परत येते न येते तोच सगळ्या वॉर्डभर झालं, केझिया मेलबर्नला चालली.

"मी विमानात खिडकीशी बसणार," केझिया शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला सांगत होती. "टिलीताई मधे."

"आणि मी?" म्हातारी म्हणाली.

"तुम्ही छपरावर!"

ओबेद गावाला गेला तो भाऊबंदांना सांगायलाच.

उत्तर आलं त्या सकाळी डॉक्टरांनी टिलीला आणि नेस्टाला आत बोलावून वाचून दाखवलं. हृदय फार थकलंय, पोर ऑपरेशनच्या टेबलावरच जाईल. दोन वर्षांपूर्वी असतं तर करता आलं असतं.

टिली पायरीवर बसली. "दुसऱ्या संस्थेला लिहू?"

"ते हीच चित्रं बघणार, पोरी."

"सिस्टर, ओबेदना तुम्ही सांगाल? माझी भाषा कच्ची आहे."

"भाषा कच्ची नाही तुझी," नेस्टा म्हणाली. "पण सांगते. तू बरोबर उभी राहा."

तोवर खाडीत होड्या लागल्या होत्या. ओबेद भाऊबंद घेऊन आला होता. धुरी दिलेले मासे, अळकुड्यांच्या टोपल्या, रताळी, आणि एक डुक्कर, टिलीसाठी. स्वैपाकाच्या पडवीमागे दगड तापवून डुक्कर त्यांखाली भाजायला पुरलंसुद्धा होतं. तिथेच नेस्टाने त्याला बाजूला घेऊन सांगितलं.

ओबेदने सगळं ऐकून घेतलं. टिलीकडे पाहिलं, रागाने नाही. मग काटकीने दगडांवरची पानं नीट केली.

"इतक्या लोकांना बोलावलंय मी," तो म्हणाला. "लांबून वल्हवत आलेत. जेवून जाऊ द्या त्यांना. मग सांगेन."

त्यामुळे टिलीला जेवायला बसावं लागलं. केळीच्या पानावर सगळ्यात मोठा वाटा तिच्यापुढे आला. ओबेदच्या चुलत्याने उभं राहून भाषण केलं, ही आमची लेक, हिने समुद्रापलीकडची वाट उघडली. माणसांनी टाळ्या वाजवल्या. टिली घास गिळत होती आणि डोळे पुसत होती.

"डोळ्यांत धूर गेला का गं?" शेजारी उशीला टेकलेल्या केझियाने विचारलं.

"हो."

संध्याकाळी होड्या परतल्यावर मात्र टिलीनेच तिला सांगितलं. एवढंच म्हणाली, "आपल्याला नाही जाता येणार, केझिया."

"तुला सुट्टी नाही मिळाली?"

टिलीने तिच्या पाठीमागची उशी सारखी केली.

"मग पुढच्या वर्षी ये," केझिया तिची समजूत घालत म्हणाली. "मी थांबते."

"हो," टिली म्हणाली.

नेस्टा दोन खाटा पलीकडे सलाईन लावत होती. तिने ते 'हो' ऐकलं. ते खोडून त्याऐवजी सांगायला तिच्याकडेही दुसरं काही नव्हतं.

कॉलेज सुरू व्हायच्या आधी टिली गेली. पुढे केझियाच्या पायांची सूज पोटापर्यंत चढली आणि गोळ्या लागू पडेनाशा झाल्या, तेव्हा ओबेद म्हणाला, "सिस्टर, घरी नेतो. तिथे आई आहे तिची." नेस्टाने उशा आणि उरलेल्या गोळ्या होडीत दिल्या. रविवारी गावातली माणसं प्रार्थनेला गेलेली असताना, बापाच्या पाठीला टेकूनच केझिया गेली. ओबेदला बराच वेळ कळलं नाही.

टिलीचा फोन आला तेव्हा रेंजसाठी नेस्टा टेकडीवर चढून उभी होती. तिने काही न लपवता सांगितलं. पलीकडे कितीतरी वेळ नुसतं रडणं.

"सिस्टर, मी काय करायला हवं होतं?"

नेस्टाला स्वतःलाच ते कुणाला तरी विचारायचं होतं.

"अभ्यास कर, पोरी," शेवटी ती म्हणाली, आणि आपलाच आवाज तिला परका वाटला. तिने फोन गणवेशाच्या टोकाने पुसला, पुन्हा कानाला लावला. टिली अजून रडतच होती. नेस्टाने फोन ठेवला नाही. ऐकत उभी राहिली.