शिट्टीतला दाणा आणि बलभीमची शेवटची फेरी

मित्रांनो, शिट्टी हलवली की आत खुळखुळतं ना, तोच मी! एक जुना बुचाचा दाणा. कारागिरानं मला या पितळी कोठडीत कोंडलं. फटीतून उजेड दिसतो, पण बाहेर पडायला जागा न्हाय. कुणी फुंकलं की मात्र मी गरागरा फिरतो, अन् तेवढ्यापुरती कोठडी विसरतो.

माझी शिट्टी तुळजापूरच्या मार्तंडमास्तरांच्या गळ्यात असायची. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झालेली. मास्तर हैदराबादेत हॉकी खेळून आले आणि इथल्या तरण्या पोरांचा संघ त्यांनी उभा केला. त्यातला बलभीम चेंडू घेऊन सुटला की नुसता वारा! पण मध्यंतरानंतर गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकायचा. गोलात उभा राहणारा कल्याणप्पा त्याला डिवचायचा, "बल्या म्हंजी फटाक्याची माळ! तडतड झाली की कागद गोळा करा!"

बिचारा रोज सकाळी लांब लांब पळून यायचा, पण उपयोग होईना. शेवटी मास्तर म्हणाले, "अरे, हॉकी म्हंजी बैलाची चाल न्हाय. जीव खाऊन पळ, मग चालत दम घे, परत पळ. सामन्यात असंच पळावं लागतंय."

मग काय! फुर्र झालं की बलभीम सुटायचा, परत फुर्र झालं की चालायचा. आधी आधी तर ओकायचा. हळूहळू त्याची धाप लवकर बसायला लागली.

सोलापूरकरांशी सामना जवळ आला. मास्तरांनी बजावलं, "आज फेऱ्या पुऱ्या केल्यास तर खेळशील. शिट्टीआधी थांबलास तर बाहेर बसायचं."

"व्हय, मास्तर."

शेवटची फेरी आली. मास्तरांनी नुकताच गूळ-शेंगदाण्याचा बकाणा भरलेला. फुर्र! बलभीम सुटला, आणि मास्तरांच्या तोंडातल्या गुळानं मी फटीतच चिकटलो! मास्तर थांबवायला फुंकतात, तर नुसतं फुस्स! बलभीम गोलाच्या पार गेला, बांध ओलांडला. मी आत धडपडतोय, पण हलता येईना.

"बल्या, थांब की!" कल्याणप्पा ओरडला. पण त्याचं कोण ऐकतंय? बलभीमला वाटलं, हा मला फसवून बाहेर बसवतोय. मी कोठडीत अडकलेला, आणि तो माझ्या मुकेपणात!

मास्तरांनी शिट्टी तांब्यातल्या पाण्यात बुडवली, तळहातावर आपटली आणि परत फुंकली. फुर्रर्र! लांब बाभळीपाशी बलभीम थांबला आणि तिथंच कोसळला. सगळे धावले.

"मास्तर... शिट्टीआधी... थांबलो न्हाय."

मास्तरांचा चेहरा पडला. त्याला सावरत ते म्हणाले, "व्हय रे लेकरा. शिट्टीच चुकली."

कल्याणप्पानं त्याला पाणी पाजलं. म्हणाला, "माळ लई लांब निघाली की!"

सामना आम्ही हरलो. पण आमचा एकुलता एक गोल बलभीमनं अगदी शेवटी मारला, सोलापूरकर धापा टाकत असताना!

आता मास्तर न्हाईत. माझी शिट्टी एका खणात पडलीय, अंधारात. मित्रांनो, मला बाहेर काढू नका, फक्त शिट्टी धुवा आणि फुंका. या एवढ्याशा घरात मलाही पळू द्या. आणि थांबायची शिट्टी तेवढी विसरू नका. तिची वाट बघत कुणीतरी पळत असतंय.