मागचा आला की पुढे

मामाच्या छपाईच्या दुकानात दोन संगणक होते. दुकान बंद झालं की कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यांवर बसून ताई आणि मी ऑनलाइन खेळ खेळायचो. खेळात आधी दलदल, मग जंगल, शेवटी डोंगर. ताईचा हात चपळ, तरी ती दर वळणावर थांबायची. "मागचा आला की पुढे," हा तिचा कायदा. मागचा म्हणजे मी. त्यामुळे डोंगर आम्ही कधी पाहिलाच नाही. त्याआधीच मामाने दुकान विकलं.

यंदा तोच खेळ जुन्या चित्रांसकट पुन्हा निघाला. आता आम्ही दोन शहरांत राहतो आणि दोघांचेही गुडघे बोलतात. दर रविवारी संध्याकाळी फोन स्पीकरवर ठेवून आम्ही खेळू लागलो. या वेळी मागे ताई होती. ती मुख्याध्यापिका आहे. रविवारीही कुणाचे ना कुणाचे पालक तिला गाठतातच. मी दलदलीत बेडूक मारत थांबायचो आणि ती रमतगमत, बोलत बोलत यायची. भावजींना ऑपरेशन सांगितलंय, हे तिने मला असंच वाटेत सांगितलं. एरवी फोनवर ती फक्त "सगळं ठीक" म्हणते.

मग एका रविवारी ताई कुठे दिसेना.

"आहेस कुठे?"

"डोंगरावर. पैसे भरले की थेट पोचवतात. तुला किती ताटकळत ठेवायचं?"

ही बाई कॉपी करणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर उभं करते.

"तुझ्या शाळेत असं कुणी केलं तर?"

"त्याला व्यवस्थापन कोटा म्हणतात. सही मीच करते."

"बरं, वर काय आहे?"

"एक राक्षस आहे. नुसता हसतोय मेला. तलवार कुठल्या बटणाने निघते रे?"

"ते जंगलात शिकवतात."

"तूही भर ना पैसे. एवढं अंतर असलं की एका तुकडीत घेत नाहीत म्हणे."

पैसे भरायचं बटण माझ्याही समोर लुकलुकत होतं. दाबलं असतं तर दोघांनी मिळून राक्षसाकडून मार खाल्ला असता, आणि मार खाताना कुणी घरचं बोलत नाही.

"नको. मी दलदलीतच आहे."

"म्हणजे मी पुन्हा पहिलीपासून? आणि माझे पैसे?"

"भरलेली फी परत मिळत नाही. तुझ्याच पावतीवर छापलेलं असतं."

"लहानपणी बरा होतास तू," ताई म्हणाली.

थोड्या वेळाने दलदलीच्या वेशीपाशी हातात काठी घेतलेली एक नवी बाई उगवली आणि भलत्याच दिशेला चालू लागली. मी तिला वळायला सांगितलं.

"ह्यांचा रिपोर्ट आला," चालता चालता ती म्हणाली. वाट बरीच लांब होती, म्हणून तिने सगळं नीट सांगितलं.