यंत्राला कान लावणारी सळई

मी एक जुनी सळई आहे. हातभर लोखंड आणि टोकाला लाकडी मूठ, एवढंच माझं रूप. पण मित्रांनो, दिसण्यावर जाऊ नका. चालू यंत्राला माझं टोक टेकवायचं आणि मूठ कानाशी धरायची, की यंत्राच्या पोटात काय दुखतंय ते मी सांगते.

विदर्भातल्या एका वीजकेंद्रात एका म्हाताऱ्या फिटरने मला घडवलं आणि नव्याने रुजू झालेल्या इंजिनीअर शकुनबाईंच्या हाती दिलं. "बाई, यंत्र खोटं बोलत नाही. आपल्याला ऐकून घ्यावं लागतं," असं तो म्हणाला होता. मग बाईंची बदली होईल तिथे मी गेले. कोळशावरच्या टर्बाइनची एकसुरी घरघर ऐकली. हिमालयात धरणाच्या पाण्यावर फिरणाऱ्या यंत्राचा खर्ज ऐकला, तेव्हा माझ्या लोखंडावरही शहारा आला. सौरऊर्जेच्या केंद्रात मात्र फजिती झाली. बाईंनी मला तिथल्या काळ्या पाट्यांवर टेकवलं, तर हूं नाही की चूं नाही! "हे बाळ मुकं आहे, पण कामाला वाघ," म्हणून बाई हसल्या. मला जरा रागच आला.

सध्या आम्ही कोलकात्यात आहोत. घर बेहालाला आणि काम हुगळीकाठच्या कोळशाच्या वीजकेंद्रात. इथे शकुनबाईंचा शब्द शेवटचा. पडद्यावर आकडे काहीही असोत, मला कानाशी लावून बाईंनी मान डोलावली की सगळे निर्धास्त. मीही भारी तोऱ्यात असे. घरी मात्र त्यांची लेक नूपुर कुरकुरायची, "आई, टीव्ही किती मोठा करतेस. खालच्या काकीमांनीपण विचारलं." बाई ते हसण्यावारी न्यायच्या.

एप्रिलमधली दुपार होती. उकाड्याने शहर हैराण झालं होतं आणि घरोघरी पंखे गरगरत होते. बॉयलरला पाणी पुरवणारा मोठा पंप तपासायचा होता. तो अडला असता तर यंत्र बंद पडलं असतं आणि कितीतरी वस्त्यांची वीज गेली असती. बाईंनी मला त्याच्या बेअरिंगवर टेकवलं. आत काहीतरी तडकलं होतं. मी जिवाच्या आकांताने थरथरले, पण बाईंना ऐकूच आलं नाही. 'ठीक' असं लिहायला त्यांनी पेन काढलं आणि त्या थबकल्या. तळहाताला माझी थरथर लागत होती, कान मात्र गप्प होता. त्यांनी दुसरा कान लावून पाहिला. तिथेही तेच. बाईंचा चेहरा उतरला. तीस वर्षं माझं ऐकण्यासाठी बाई आवाज अडवणारी कानांवरची टोपणं काढून गोंगाटात उभ्या राहिल्या होत्या. मला फार वाईट वाटलं.

'पंप बदला' एवढंच म्हटलं असतं तरी भागलं असतं आणि बाईंचा मानही राहिला असता. पण उद्याचं काय? त्यांनी पाळीवरच्या साऱ्या लोकांसमोर मला फिटर सौरभबाबूंच्या हाती दिलं.

"सौरभबाबू, मेरे कान अब काम नहीं करते. आज से आप सुनिए."

सौरभबाबूंनी बराच वेळ ऐकलं. "मॅडम, अंदर टूटा है," ते हळूच म्हणाले.

लगेच जोडीचा पंप सुरू झाला. बेअरिंग उघडलं, तर आतला रोलर चिरलेला निघाला. शहरात एकही पंखा थांबला नाही.

आता मी सौरभबाबूंच्या कपाटात असते. बाई कानाचं यंत्र लावून कामावर येतात आणि टोपणं विसरणाऱ्याला दारातूनच परत पाठवतात. मित्रांनो, मी मोठमोठ्या यंत्रांचे आवाज ऐकले, पण बाईंच्या त्या वाक्याएवढं दमदार काही ऐकलं नाही. तेव्हा कान जपा. आणि ऐकू येईनासं झालंच, तर तेही बाईंसारखं चारचौघांत सांगा.