तीन आठवडे

निवृत्त नर्सबाई रोज सकाळी दहाला मास्तरांकडे जायच्या. मास्तरांची दृष्टी गेली होती आणि मागेपुढे कुणी नव्हतं. बाई त्यांना पेपर वाचून दाखवायच्या आणि बातम्यांवरून दोघं कडाकडा भांडायचे. एकट्या म्हाताऱ्यांसाठी स्वयंसेवकांची फळी नगरसेवकानंच उभी केली होती, आणि मास्तरांचं घर त्यानंच बाईंना सोपवलं होतं.

पुन्हा निवडणूक आली तसा तो हात जोडून म्हणाला, "मावशी, तीन आठवडे प्रचाराला द्या. तुमच्या शब्दाला घरोघरी मान आहे."

माणूस कामाचा होता, म्हणून बाई हो म्हणाल्या.

"जा की," मास्तर हसले. "तोवर रेडिओशी भांडेन. तो निदान मध्येमध्ये बोलत नाही."

बाईंच्या पायाला भिंगरी लागली. जिने चढून गुडघे सुजले. मास्तरांकडे उद्या जाऊ, उद्या जाऊ म्हणता अठरा दिवस गेले. एकोणिसाव्या दिवशी प्रचार मास्तरांच्याच गल्लीत आला. दाराला कुलूप होतं.

"मंगळवारी झोपेतच गेले हो," शेजारीण म्हणाली. "दहा वाजले की विचारायचे, बाई आल्या का?"

बाई पत्रकांसकट पायरीवरच बसल्या.

नगरसेवक निवडून आला. आभार मानायला तो घरी आला, तेव्हा बाई म्हणाल्या, "बरं झालं. पण आता मला दुसऱ्या कुणाचं घर देऊ नका."