दिसणारी भेग

माणसाने पहिले घर बांधले, त्या दिवशी मानवी संस्कृतीचा पाया घातला गेला. पाया आमच्याही घराचा भक्कम आहे. भानगड भिंतींची आहे.

आमच्या गल्लीतल्या बावीस घरांच्या सिमेंट ब्लॉकमध्ये अभ्रक निघाला. असला ब्लॉक पाणी पितो, फुगतो आणि शेवटी आतून भुगा होतो. कारखान्याने काखा वर केल्या, तेव्हा सरकारने अशी घरं नव्याने बांधून द्यायची योजना आणली. अट एकच: तपासणीच्या दिवशी भिंतीत 'दिसणारी भेग' हवी. भेगांच्या बाबतीत आम्ही गर्भश्रीमंत. बैठकीतल्या एका भेगेत तर मी विजेची बिलं खोचून ठेवत असे.

तपासनीस सोमवारी येणार होते. योजनेचा तो शेवटचा दिवस. रविवारी मी कागदपत्रांच्या नकला काढायला गेलो आणि परत आलो, तर घर ओळखू येईना. भिंती गुळगुळीत, पांढऱ्याशुभ्र. स्टुलावर माझा मेहुणा, जो धंद्याने रंगारी आहे, शेवटचा हात फिरवत होता.

"हे काय केलंत?"

"अहो, सरकारी साहेब पहिल्यांदा घरी येणार," ही म्हणाली. "त्यांना काय भेगा दाखवायच्या?"

"हो! त्याच दाखवायच्या!"

"भावोजी, दोन हात पुट्टी मारलीय," वरून आवाज आला. "आता दहा वर्षं बघायला नको."

मी सुरी घेऊन भेग खरवडायला गेलो. सुरी वाकली. मेहुण्याला इतका आनंद झालेला मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

सोमवारी तपासनीस आले. पोरगेलेसे, चष्मा, हातात भेगेत घालून खोली मोजायची पोलादाची पातळ पट्टी. चारही खोल्यांत फिरून त्यांनी ती पट्टी हताशपणे खिशात ठेवली.

"भेग कुठंय, काका?"

"इथे होती. आणि ही उभी, ती तर पार छतापर्यंत."

"'होती' चालत नाही. नियमात 'दिसणारी' म्हटलंय."

"आधीचे फोटो आहेत ना!"

"फोटोवरून लग्नं ठरतात, काका. पंचनामा होत नाही."

आता कुठे हिच्या डोक्यात प्रकाश पडला आणि चेहऱ्यावरचा गेला. बाकीची एकवीस घरं नव्याने बांधली जाणार आणि आम्ही पांढऱ्या रंगाखाली गाडले जाणार, हे तिला स्पष्ट दिसलं. कामाचं कौतुक ऐकायला थांबलेल्या भावाचा तिने दंड धरला. "अरे, सांग ना साहेबांना, आत भेग आहे म्हणून!"

"माझ्या कामात भेग?" मेहुणा उसळला. "साहेब, हवं तर ठोकून बघा!"

"गाढवा, गप्प बस!"

"ताई, धंद्याच्या इज्जतीचा प्रश्न आहे." असं म्हणून त्याने स्वतःच भिंतीवर दणकून एक बुक्की मारली.

पुट्टीला काही झालं नाही. तिचा परातीएवढा तुकडा, एकही चरा न पडता, अलगद सुटून त्याच्या हातात आला. तिच्यामागचा ब्लॉक मात्र पिठासारखा भुरभुर खाली बसला. तपासनीसांनी भोकात बोट घातलं, मग मनगट, मग कोपर. पलीकडच्या अंगणात कपडे वाळत घालणारी शेजारीण दचकून म्हणाली, "कोण हवंय?"

"पुट्टी बघा, पुट्टी!" मेहुणा तो तुकडा नाचवत होता. "अखंड!"

"भेग तर नाही," तपासनीस हात झटकत म्हणाले, "पण भिंतही नाही. हे चालेल." ते टेबलाशी बसले आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागले: "सदर घर राहण्यास अयोग्य आहे. संपूर्ण नवे बांधून देण्यात यावे."

मी साहेबांना हात जोडले. मी हिच्याकडे पाहिलं, तर ही त्या कागदाकडे नाराजीने बघत होती.

"साहेब," ती पुढे होऊन म्हणाली, "'अयोग्य'च्या पुढे तेवढं 'परंतु स्वच्छ' असं लिहाल का?"