सोप्यातली आरामखुर्ची

मी ज्योतिबांच्या घराच्या सोप्यातली, म्हणजे दारालगतच्या पुढच्या खोलीतली, आरामखुर्ची बोलतेय. नावात आराम आहे म्हणून फसू नका, तो माझ्याकडून फारसा कुणाला मिळालेला नाही.

रहिमतपूरच्या सुतारानं मला सागवानात घडवलं आणि वर माधवनगरचं जाड पट्ट्यापट्ट्यांचं कापड ताणलं. हवालदार ज्योतिबा फौजेतून पेन्शनीत आले, तेव्हा मोठ्या हौसेनं त्यांनी मला घरी आणलं. पण बसतील तर शपथ! टेकले न टेकले तोच उसाला पाणी द्यायला पळायचे. माझ्यावर ठाण मांडून बसले ते फक्त वाळलेले कपडे.

मागच्या दिवाळीनंतर ज्योतिबांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. साताऱ्याच्या दवाखान्यातून घरी आले ते मुलाच्या, जयराजच्या खांद्यावर भार टाकून. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "थोडं थोडं बसवा, दमले की झोपू द्या." घरी पोचेपर्यंत त्यातलं फक्त 'बसवा' शिल्लक राहिलं.

आमच्याकडे आजारी माणूस अंथरुणात दिसला की भेटायला आलेले हळहळतात, आणि बसलेला दिसला की गावभर सांगत सुटतात, "गडी बसता झाला!" हे ऐकायला ज्योतिबांच्या कारभारीण, साळूबाई, आसुसलेल्या असत. सकाळी अंघोळ उरकली की त्या नवऱ्याला टोपी घालून माझ्यात बसवायच्या. माझं कापड पडलं खोलगट. धडधाकट माणसालाही दोन्ही हात रेटून उठावं लागतं, आणि यांचा तर एक हात लुळा. एकदा बसले की कुणी उठवेपर्यंत अडकले. मीच त्यांचा पिंजरा झाले, आणि ते मला फार लागायचं.

माणसं यायची. शहाळं, बिस्किटांचा पुडा आणि ज्योतिबांना ठरलेला सवाल, "नाना, मला वळखलंसा का? मी कोन, सांगा बगू?" जशी काही शाळेची तपासणीच! ज्योतिबा जड जिभेनं नाव जुळवून सांगायचे. बरोबर आलं की सगळे खूश, "डोस्कं शाबूत हाय!" की लगेच पुढचा पाहुणा सरसावायचा. प्रत्येक नावानंतर ज्योतिबांचं अंग माझ्यात आणखी खचायचं. खरं तर अंघोळीनंच ते गळून गेलेले असत. दिवसभर राबून येतो तसला हा थकवा नव्हता. काही न करताच यायचा आणि माणसाला पार पिळून टाकायचा.

"दमलो," असं ते म्हणाले की साळूबाई म्हणायच्या, "बसून काय दमायचं त्यात? आवं, फौजेतलं गडी तुमी!" झालं! हवालदारांची मान ताठ. फौजेचं नाव निघाल्यावर माघार घेणं त्यांना जमायचं नाही.

एका बाजारच्या दिवशी भेटायला येणाऱ्यांची रीघच लागली. दुपारी त्यांचे लहानपणापासूनचे सोबती दादासो आले.

"ज्योतिबा, मी कोन रं?"

ज्योतिबांनी तोंड उघडलं. नाव आलं नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"गड्या, मला बी न्हाई वळखलंस?" दादासोंना रडू फुटलं. दुसरा झटका आला असं वाटून जयराज गाडी काढायला पळाला. साळूबाई आतून धावत आल्या आणि नवऱ्याचा चेहरा त्यांनी ओंजळीत धरला. "आवं, हिकडं बगा. मी कोन? सांगा की वो!"

ज्योतिबांनी डोळे उघडले. "साळू," ते म्हणाले. मग दादासोंकडे नजर वळवून, "ह्यो दादू. समदी... वळखीची हाईत. लय दमलोय गं. निजू दे मला."

हवालदारांच्या डोळ्यांत पाणी होतं. साळूबाईंनी ते लग्नापासून कधी पाहिलं नव्हतं.

गावातल्या डॉक्टरांनी येऊन तपासलं. झटका नव्हता, थकवा होता. "ह्या आजारात तो लय दिवस राहतो," ते म्हणाले. "त्यांना झोपू द्या."

"मला वाटलं, बसवलं की बरं व्हतील," साळूबाई पुटपुटल्या.

ज्योतिबा आजही दमतात. संध्याकाळी थोडा वेळ माझ्यात बसतात, पण उजव्या हातानं माझ्या लाकडावर थाप मारली की त्यांना लगेच उठवायचं, असा आता घरचा नियम आहे. दिवसा दाराशी माझ्यात साळूबाई बसतात, पाहुण्यांना थोपवायला. पहिल्या दिवशी त्या टेकल्या मात्र, आणि पदर सावरायच्या आत त्यांचे डोळे मिटले. इतके महिने त्यांना कुणी दमलीस का म्हणून विचारलं नव्हतं. मीही नाही.

तेव्हा भेटायला या, जरूर या. फक्त चपला हळू काढा आणि कोण आलंय ते ओरडून विचारू नका. आत एक जण झोपलाय, आणि इथे माझ्यात दुसरी.