लाल माती, कोमट पाणी

आमच्या डोंगरावरची माती लाल आणि लोण्यासारखी मऊ. सकाळी धुकं उतरलं की अनवाणी पाय तिच्यात अलगद बुडत, आणि झोपेतच चालल्यासारखं वाटे. मी आणि माझी थोरली बहीण झेनेबेच पाठीवर रताळी बांधून त्याच मातीतून बाजाराला जायचो.

आई घरातच असायची. तिचे पाय गुडघ्यापर्यंत सुजून झाडाच्या सालीसारखे खडबडीत झाले होते. लोक म्हणत, शाप आहे. बारा वर्षांत ती एकाही लग्नाला गेली नव्हती.

एका संध्याकाळी झेनेबेच चुलीपाशी पाय चोळत बसली. "बोटांच्या बेचक्यांत आग आग होतेय गं."

कोपऱ्यातून आई म्हणाली, "माझंही असंच सुरू झालं होतं."

झेनेबेचनं पाय चटकन पोटाशी ओढून घेतले.

दुसऱ्या दिवशी आम्ही शांकामामाकडे गेलो. तो बाजारात जुन्या टायरचे तळ लावून बूट शिवायचा. त्याचेही पाय आईसारखेच होते, पण दवाखान्यात जाऊन तो बरंच शिकून आला होता.

"शाप कसला डोंबलाचा? माती आहे ती! बारीक कण कातडीतून आत शिरतात. पाय साबणानं धू, बेचक्या कोरड्या कर, तेल लाव. आणि बूट घातल्याशिवाय उंबरा ओलांडू नकोस."

"रोज?"

"रोज जेवतेस ना? मग!"

रताळ्यांच्या बदल्यात त्यानं झेनेबेचला बंद बूट दिले. पाणवठ्यावर बायका खिदळल्या, "आल्या राणीसरकार! नाचायला निघालात वाटतं?"

"नाचते की. तू ढोल बडव," झेनेबेच म्हणाली. घरी येऊन मात्र ती रडली. बूट टाचेला चावले होते. मामानं आत मऊ कातडं लावून दिलं.

रोज संध्याकाळी ती घमेल्यात कोमट पाणी घ्यायची. बाहेर अंगणातल्या झाडांची केळीसारखी रुंद पानं वाऱ्यावर हलत असायची, कॉफी भाजल्याचा धूर दारात रेंगाळायचा. पाणी लाल व्हायचं, बदलायचं, शेवटी नितळ राहायचं. डोळे मिटून बसलेली झेनेबेच तेव्हा कुठेतरी दूर, ढगांतून चालत असल्यासारखी दिसे. दोन महिन्यांत आग थांबली.

मग एके दिवशी तिनं घमेलं आईपुढे सरकवलं. आईनं पाय मागे घेतले.

"नको गं. वास येतो."

"मग वासच धुऊ."

झेनेबेचनं तिचा पाय मांडीवर घेतला. इतक्या वर्षांत त्याला कुणाचा हात लागला नव्हता. आई पाण्याकडे बघत राहिली, जणू त्यात तिला कुणी ओळखीचं दिसत होतं.

रोज धुणं, तेल लावणं, बाकावर पाय उंच ठेवून बसणं. सूज पुरती गेली नाही, पण निम्म्यावर आली. मामानं दोरीनं माप घेऊन रुंद बूट शिवले.

पावसाळा सरल्यावर शेजारच्या मुलीचं लग्न निघालं. आई माझ्या खांद्याचा आधार घेत सावकाश मांडवात गेली. सगळ्यांच्या नजरा तिच्या बुटांकडे वळल्या. मग एक म्हातारी सरकली आणि चटईवर थोपटत म्हणाली, "ये, बस. कॉफी निवतेय."